बॉइलिंगच्या लॅबमध्ये पीएचडीला जाण्याआधी

तुमचा प्रश्न असा: अमेरिका आणि जर्मनी, दोन्हीकडे पूल बॉइलिंगच्या, म्हणजे स्थिर द्रवात बुडालेल्या गरम पृष्ठभागावरच्या उकळण्याच्या, प्रयोगांवर पीएचडीची जागा मिळतेय, निघायला चार महिने आहेत, तर तेवढ्यात सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणं) शिकून घ्यावं का?

माझ्या मते नको. काम प्रयोगाचं आहे. सुरुवातीचा बराच काळ रिग (प्रयोगाची मांडणी) उभी करण्यात आणि तिचे आकडे विश्वासार्ह आहेत का हे तपासण्यात जातो. तेवढं आधी पक्कं करा. अमेरिकेत सहसा आधी कोर्सवर्क आणि क्वालिफायिंग परीक्षा असते, म्हणजे लॅबमध्ये रुळायला थोडा वेळ मिळतो. जर्मनीत बहुतेकदा मुदतीच्या करारावरची नोकरी असते आणि गाडी थेट रिगपाशी येऊन थांबते.

होकार देण्याआधी गाइडला एक विचारा: फ्लुइड कोणतं? कित्येक वर्षं असे प्रयोग थ्रीएम कंपनीच्या एफसी-७२ किंवा नोवेक ७१०० या फ्लुरिनयुक्त द्रवांवर होत आले. थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर पीफास रसायनांचं (हे द्रव ज्या गटात मोडतात त्यांचं) उत्पादन थांबवणार. तेव्हा लॅबकडे साठा किती आहे आणि पर्याय ठरलाय का, हे स्पष्ट करून घ्या. फ्लुइड अर्ध्यात बदललं तर सगळी बेसलाइन (तुलनेसाठीची मूळ मोजणी) पुन्हा घ्यावी लागते. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, उलट गाइडवर चांगलीच छाप पडते.

आता मोजमाप. तांब्याच्या ठोकळ्यात एका ओळीत ५ मिलिमीटर अंतरावर तीन थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचे तापमापक), त्यांच्या तापमानाच्या उतारावरून हीट फ्लक्स (क्षेत्रफळामागे जाणारी उष्णता), आणि तीच रेघ पुढे वाढवून पृष्ठभागाचं तापमान, अशी नेहमीची मांडणी असते. तांब्याची कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहण्याची क्षमता) ३९० वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर चौरस सेंटिमीटरला १०० वॅटला उतार मिलिमीटरमागे सुमारे २.६ अंश येतो. १० वॅटला तोच ०.२६. म्हणजे टोकाच्या दोन थर्मोकपलमध्ये जेमतेम २.६ अंशांचा फरक. प्रत्येकात ±०.५ अंशाची चूक असेल तर फ्लक्समध्ये २८ टक्के अनिश्चितता! बॉइलिंग कर्व्हचा (पृष्ठभागाच्या तापमानाप्रमाणे हीट फ्लक्स दाखवणाऱ्या आलेखाचा) खालचा भाग त्यामुळेच अनेकांचा विस्कटलेला असतो. उपाय म्हणजे तिन्ही थर्मोकपल स्थिर तापमानाच्या एकाच बाथमध्ये, डेटा लॉगरच्या (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राच्या) ज्या चॅनेलला पुढे लावायचे त्याच चॅनेलवर, चार-वायर पीटी१०० या अचूक प्लॅटिनम तापमापकाशी जुळवून घेणं. आपापसातली चूक ०.१ अंशावर आणली की तोच आकडा साडेपाच टक्क्यांवर येतो. भोकाची जागाही महत्त्वाची: १ मिलिमीटरच्या भोकात ०.५ मिलिमीटरचा थर्मोकपल पाव मिलिमीटर इकडे-तिकडे बसू शकतो. १०० वॅटला तेवढ्यानेच ०.६ अंश जातात.

देश बदलला की वायरचे रंग बदलतात, आणि इथेच हमखास गोंधळ होतो. अमेरिकन पद्धतीत के टाइप थर्मोकपलची धन वायर पिवळी आणि ऋण लाल. आयईसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत धन हिरवी, ऋण पांढरी. जर्मनीत जुन्या डीआयएन या जर्मन पद्धतीची वायर कपाटात सापडली, तर तिथे लाल चक्क धन! थर्मोकपलपासून लॉगरपर्यंत जाणारी एक्स्टेन्शन वायर जोडावर उलटी लागली की गरम केल्यावर आकडा खाली जातो. ते बघून कोणीतरी डेटा लॉगरकडचं टोकही उलटं करतं आणि आकडा सुतासारखा सरळ वागू लागतो. प्रत्यक्षात जोड आणि लॉगर यांच्या तापमानात जेवढा फरक, त्याच्या दुपटीने तो चुकलेला असतो. जोड ४५ अंशांवर, लॉगर २५ वर, तर तब्बल ४० अंश कमी. रिग थंड असताना फरक शून्य, म्हणून सकाळच्या तपासणीत हे सापडत नाही. जोडावर हेअर ड्रायर धरून बघा. आकडा हलला तर जोड तपासा.

मेन्सची (वीजपुरवठ्याची) फ्रीक्वेन्सी अमेरिकेत ६० हर्ट्झ, जर्मनीत ५०. मीटरचा इंटिग्रेशन वेळ (एका मोजणीची सरासरी काढण्याचा काळ) तिच्याशी जुळवा, नाहीतर मायक्रोव्होल्टमध्ये गुणगुण शिरते. १२० व्होल्टचा हीटर २३० ला लावला तर सुमारे पावणेचारपट पॉवर जाते, म्हणजे तो गेलाच म्हणून समजा. अमेरिकेत प्रेशर गेजवर पीएसआयजी (वातावरणाच्या तुलनेतला दाब) आहे की पीएसआयए (निरपेक्ष दाब) ते बघा. सॅच्युरेशन तापमान, म्हणजे द्रव उकळण्याचं तापमान, निरपेक्ष दाबावर ठरतं.

डीगॅसिंगमध्ये, म्हणजे द्रवात विरघळलेली हवा काढण्यात, घाई नको. विरघळलेली हवा राहिली तर बुडबुडे लवकर सुटतात आणि तुमचा पृष्ठभाग आहे त्यापेक्षा चांगला भासतो. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त हवा धरतात. तासभर जोरात उकळून हवा बाहेर सोडा, मग मोजलेलं तापमान त्या दाबाच्या सॅच्युरेशनशी जुळतं का बघा. ठोकळ्याच्या कडेच्या इपॉक्सीत फट असेल तर तिथून आधी बुडबुडे येतात. हाय-स्पीड कॅमेऱ्याने पहिल्यांदा कडाच बघा.

नवीन पृष्ठभागाला हात घालण्याआधी साधं, घासलेलं तांबं आणि पाणी घ्या. वातावरणीय दाबाला क्रिटिकल हीट फ्लक्स (ज्यापुढे पृष्ठभाग वाफेने झाकला जातो ती मर्यादा) झुबरच्या सूत्रानुसार चौरस सेंटिमीटरला ११० वॅटच्या आसपास येतो. तुमचा ६० किंवा २०० आला तर रिग तपासा, पेपर लिहू नका. त्या टोकाला तापमान क्षणात उसळतं, म्हणून हीटरचा कट-ऑफ स्वतंत्र थर्मोकपल आणि रिलेवर ठेवा, लॅपटॉपच्या भरवशावर नको.

या चार महिन्यांत क्लाइन आणि मॅक्लिन्टॉक यांची १९५३ ची अनिश्चितता काढण्याची पद्धत हाताने करून बघा. गाइडकडे मागच्या विद्यार्थ्याचा कच्चा डेटा मागा आणि तोच बॉइलिंग कर्व्ह एरर बारसकट स्वतः काढा.