गल्ला शॉर्ट आला म्हणून पगार कापतात, त्याबद्दल

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि खरं सांगते, मग झोप लागली नाही. इंग्लंडात कव्हेंट्रीत एमएससी, घराजवळच्या कॉर्नर शॉपमध्ये काम करून दोन महिने झाले, तिघं मिळून एकच गल्ला सांभाळता आणि दर शुक्रवारी "गल्ला शॉर्ट आला" म्हणून पगारातून कधी २५ कधी ४० पाउंड कमी, वर दुकानाचे मालक अंकल म्हणतात तू आमच्या घरातलीच आहेस. हेच सगळं, जवळजवळ याच शब्दांत, २०२१-२२ ला लेस्टरमध्ये माझ्यासोबत झालंय. वयाने लहान असशील म्हणून एकेरी लिहितेय, राग मानू नकोस.

स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तासांचा नियम, एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर, काम करायचा हक्क दाखवणारा शेअर कोड हे तुला माहिती असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही, जे माझ्यावर बेतलं आणि नंतर वाचून कळलं तेवढंच सांगते.

माझी सगळ्यात मोठी चूक एकच. शिफ्ट सुरू करताना मी गल्ला मोजून घेतला नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. दुपारी आधीची मुलगी कोट घालून निघायच्या घाईत असायची, समोर तीन-चार गिऱ्हाईकं उभी असायची, मी सरळ ड्रॉवर उघडून काम सुरू करायचे. सकाळचा फ्लोट, म्हणजे सुरुवातीला गल्ल्यात ठेवलेली सुट्टी रोकड, १०० पाउंडांचा असतो असं सांगितलं होतं, ते मी खरं धरून चालले. रात्री अकराला शटर ओढून झेड रीड, म्हणजे दिवसभराच्या विक्रीची मशीनमधली बेरीज, काढला की जो फरक यायचा तो शेवटी गल्ल्यावर कोण होतं त्याचा, म्हणजे माझा. दिवसभरात तिघांनी हात घातलेला गल्ला आणि हिशोब एकटीचा!

फेब्रुवारीतला एक रविवार अजून डोळ्यासमोर आहे. रविवारी काय होतं तुला माहितीय, इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना सहाच तास उघडता येतं, मोठी सुपरमार्केटं चार-पाचला बंद झाली की सगळी गर्दी आपल्याकडे वळते. दूध, ब्रेड, विजेच्या मीटरच्या की चा टॉप-अप, लॉटरी, सगळं एकदम. त्या रात्री ६२ पाउंड ४० पेन्स कमी आले. मी तीनदा मोजलं. एक पाउंडची नाणी २० च्या पिशवीत, ५० पेन्सची १० च्या, १० पेन्सची ५ च्या, सगळं काउंटरवर मांडून मोजलं, हात गारठलेले, शेवटची बस गेलेली. अंकलना फोन केला तर म्हणाले ठीक आहे बेटा, पगारात बघू. दोन आठवड्यांनी दुकानाला समोसे पुरवणाऱ्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, त्या रविवारी अंकलच्या मेव्हण्याने मला गल्ल्यातूनच ६० दिले ना. चिठ्ठी नाही, काही नाही. मी अंकलना जाऊन सांगितलं तर उत्तर काय, तो हिशोब आता झाला.

त्यांनी ठरवून मला फसवलं असं मी आजही म्हणणार नाही. दुकान त्यांचं, घरातलं कोणीही येऊन वीसच्या दोन नोटा काढून कॅश अँड कॅरीला, म्हणजे घाऊक दुकानात, जायचं, त्यांना त्यात काही वावगं वाटायचंच नाही. पण त्याचे पैसे मी भरत होते हेही तितकंच खरं आहे. मोबाईलमध्ये लिहून ठेवलं होतं म्हणून आकडा सांगू शकते, कपात आणि शेवटच्या आठवड्याचा अडकवलेला पगार मिळून ५६२ पाउंड. तेव्हाच्या भावाने पन्नास हजार रुपयांच्या वर. बाबांनी कर्ज काढून पाठवलं होतं मला.

आता कायद्याचं. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये किरकोळ दुकानात काम करणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे, गल्ला कमी आला किंवा माल कमी भरला म्हणून कापायचं तर एका पगाराच्या वेळी एकूण पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही. आणि मुळात अशी कपात होईल हे तुझ्या लेखी करारात असायला हवं किंवा तू आधी लेखी मान्य केलेलं हवं. मी आठवड्याला १८ तास करायचे, तेव्हाचा तासाचा किमान दर ८.९१ पाउंड, म्हणजे आठवड्याचे १६० पाउंड, त्यातून १६ च्या वर एक पेनीही जायला नको होती. माझे ४० जायचे आणि मी कुठेही सही केलेली नव्हती. फक्त एक लक्षात ठेव, ही १० टक्क्यांची मर्यादा नोकरी सोडतानाच्या शेवटच्या पगाराला लागू नाही. म्हणून तू "सोडू का" विचारलंयस त्यावर माझं मत, रागाच्या भरात उद्याच सोडू नकोस, आधी कागद जमव. आणि आता कोणी सहीला कागद पुढे केला तर घरी नेऊन वाचल्याशिवाय सही नको.

सोडल्यावर मी जिथे गेले त्या ऑफिसचं नाव घेत नाही. फुकट सल्ला देणारी जागा, भली माणसं असतील म्हणून गेले. पहिल्यांदा पाऊण तास रांग, मग कॉन्ट्रॅक्ट आणा. नाहीये म्हटलं तर मग आम्ही काय करणार, युनिव्हर्सिटीला विचारा. युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर म्हणाले हे आमचं काम नाही, तिकडेच जा. परत गेले तर पाच आठवड्यांनंतरची तारीख, ती त्यांनीच पुढे ढकलली. शेवटचा पगार मिळायचा होता १७ जूनला. नीट ऐकून घेणारा माणूस भेटला २२ सप्टेंबरला, आणि त्याने पहिलंच वाक्य काय म्हणावं, एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलची, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टाची, मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी असते, तुमची १६ ला संपली. सहा दिवस! तीनदा त्या खुर्चीवर बसले होते मी, कोणाच्याही तोंडून मुदत हा शब्द आला नाही. मला पैसे गेल्यापेक्षा ते जास्त लागलं. अजून लागतं.

त्यामुळे तू तिकडे वेळ घालवू नकोस, सरळ एकासला (Acas, नोकरीतले वाद मिटवणारी सरकारी संस्था) फोन कर. फुकट आहे, आणि ट्रिब्युनलला जायच्या आधी त्यांच्याकडे नोंद करावीच लागते, ती मुदतीच्या आत केली की मोजणी थांबते. ट्रिब्युनलला २०१७ पासून फीसुद्धा नाही. मुदतीचे नियम बदलत असतात, त्यामुळे तुझ्या तारखेला किती दिवस आहेत हे फोनवर पहिल्याच मिनिटाला विचार.

आणि आजपासून गल्ला. आधीची मुलगी निघायच्या आत तिच्यासमोर मोज, गिऱ्हाईक थांबू दे दोन मिनिटं, आकडा वहीत लिही, दोघींची सही. पुढच्या मुलाच्या हातात देताना पुन्हा तेच. अंकलना वाईट वाटेल असं तुला वाटतंय ना, मलाही वाटायचं. "अंकल, माझा हिशोब कच्चा आहे म्हणून लिहून ठेवते" एवढं म्हण, कोणी नाही म्हणत नाही. गल्ल्यातून कोणी काही काढलं तर चिठ्ठी ड्रॉवरमध्येच ठेवायची, घरच्यांनी काढलं तरी. रात्री बंद करताना सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि कोण कधी गल्ल्यावर होतं हे अंकलना व्हॉट्सॲप कर, नुसतं दोन ओळीत, भांडणाचा सूर नको. तारीख-वेळेसकट पुरावा आपोआप तयार होतो. अजून एक, गिऱ्हाईक कार्डने देतं आणि आपण घाईत कॅश दाबतो, तेवढ्याने गल्ला कमी दिसतो, म्हणून कार्ड मशीनच्या दिवसाच्या बेरजेशी ताडून बघ. माझे अर्धे "शॉर्ट" बहुतेक हेच असणार.

जाता जाता दोन गोष्टी. दारू-सिगारेट घेणारा पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचंच, ओळखीचा असला तरी, अठराच्या आतल्याला दारू विकली तर ९० पाउंडांचा दंड विकणाऱ्याला म्हणजे तुला होऊ शकतो. आणि उन्हाळ्यात अंकल म्हणतील आता सुट्टी आहे, ४० तास कर. मास्टर्सवाल्यांना डिसर्टेशनचे महिने सहसा सुट्टीत धरत नाहीत, २० च तास. युनिव्हर्सिटीकडून ईमेलवर लेखी घे, तोंडी नको.

तासाचा दर बघितलास का तुझा? किमान वेतन २१ आणि त्यावरच्यांना एप्रिल २०२५ पासून १२.२१ पाउंड आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ आहे. कपात धरून तुला तासाला किती पडतात ते एकदा मांड.

आत्तापर्यंतच्या सगळ्या शुक्रवारच्या तारखा आणि कापलेले आकडे मला मेसेजमध्ये पाठव, पेस्लिप नसेल तर बँकेत आलेली रक्कम चालेल. पहिली कपात कुठल्या तारखेची ते आधी सांग, तिथपासून दिवस मी मोजून देते.