रॅकेट कपाटात ठेवली तर?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. आठ वर्षं टेनिस खेळते, पण आता म्हणते, दहावी होईपर्यंत रॅकेटला हात लावणार नाही. तिच्या बाबांच्या मते वर्षभर सुटलं की सगळं पाण्यात. चीनची टेनिसपटू ली ना हिनेही मध्येच खेळ सोडला होता म्हणे, खरं का?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, खरं आहे. ली ना मूळची वुहानची. वडील बॅडमिंटन खेळायचे, म्हणून तिच्याही हाती आधी बॅडमिंटनच आलं, टेनिस नंतर. चौदा वर्षांची असताना वडील गेले. 1999 मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि 2002 मध्ये, विशीत, खेळ सोडून वुहानच्याच विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेली.

दोन वर्षांनी, 2004 मध्ये, ती परतली तेव्हा क्रमवारीत तिचं नावही नव्हतं. तरी त्याच वर्षी ग्वांगझूची स्पर्धा तिने जिंकली. पात्रता फेरीपासून खेळत आलेली ही मुलगी डब्ल्यूटीए (महिला टेनिसची जागतिक संघटना) स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली चिनी महिला ठरली.

2008 च्या अखेरीस चीनने काही खेळाडूंना आपला प्रशिक्षक आणि स्पर्धा स्वतः निवडायची मुभा दिली. कमाईतला मोठा वाटा आधी सरकारी यंत्रणेकडे जायचा, तोही बराच कमी झाला. माझ्या मते तिचा खेळ खुलला तो इथून.

4 जून 2011, शनिवार. फ्रेंच ओपनची अंतिम लढत मी घरी टीव्हीवर पाहत होतो. समोर गतविजेती, इटलीची स्कियाव्होने. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे सेट 6-6 असा बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक डावात, ली नाने तिला एकही गुण दिला नाही, 7-0! मी खुर्चीत बसूच शकलो नाही. एकेरीत ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारी आशियातली ती पहिली खेळाडू, आणि वय 29. पुढे 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकली, जागतिक क्रमवारीत दुसरी आली. त्याच वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली. चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सप्टेंबरमध्ये तिने निवृत्ती घेतली.

आता तुमच्या घरचं. मी सोलापुरात एकतीस वर्षं खेळशिक्षक होतो. दहावीसाठी थांबलेल्या मुली परत आलेल्या मी पाहिल्यात. पहिले तीन-चार महिने धाप लागते, सर्व्हिस जाळ्यात जाते, मग हात बसतो. पण घरच्यांनी ओढून मैदानावर आणलेल्या मुली फार टिकल्या नाहीत. ली ना परतली, तुमची लेक परतेलच असं मी म्हणणार नाही. बाबांना एवढंच सांगा, की तिला एकदा शांतपणे विचारा : थकलीस, की कुणाच्या बोलण्याला कंटाळलीस? दुसरं असेल तर परीक्षा संपल्यावर प्रशिक्षक बदला. तोवर रोज पंधरा मिनिटं दोरीच्या उड्या मारू द्या.

आणि रॅकेट माळ्यावर पत्र्याखाली टाकू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तारांचा ताण जातो. आतल्या खोलीत, तिच्या कपाटातच राहू दे.