दोन्ही बॉल पायथन हेट अल्बिनो आहेत, तर चार अंड्यांत एक अल्बिनो नक्की का? आणि अंडी उबवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओहायोला असता, नर-मादी दोघंही हेट आहेत, मादीने दोन आठवड्यांपूर्वी अंड्यांच्या आधीची कात टाकलीय आणि पुढच्या वर्षी स्पायडर, म्हणजे जाळ्यासारख्या बारीक नक्षीचा बॉल पायथन, नर आणायचा विचार आहे. मी टेक्सासला असते, आठ वर्षं बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) पाळतेय, पाच वेळा अंडी उबवलीत, त्यामुळे जे हाताने केलंय तेवढंच सांगते.

चारात एक नक्की का, तर नाही. अल्बिनो म्हणजे अंगात काळा रंग नसलेला, पांढरा-पिवळा साप, आणि हेट म्हणजे दिसायला साधा पण अल्बिनोचं एक जनुक अंगात असलेला साप. पिल्लू अल्बिनो दिसायचं तर आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही यावी लागतात, आणि हा डाव प्रत्येक अंड्यात नव्याने सुरू होतो, शेजारच्या अंड्यात काय पडलं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सहा अंडी धरली तर एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळजवळ 18 टक्के येते, हे काही थोडं नाही. माझी पहिली खेप सात अंड्यांची होती आणि निघालेली सगळी पिल्लं साधी, खूप हिरमुसले होते मी तेव्हा. आणि हो, जी साधी दिसणारी पिल्लं निघतील त्यातलं प्रत्येक हेट असण्याची शक्यता 66 टक्के, पण नुसतं बघून ते कळत नाही, म्हणून कुणाला देताना 'पॉसिबल हेट' असंच सांगा, छातीठोकपणे 'हेट' सांगून पैसे घेऊ नका. समोरचा माणूस त्या एका शब्दावर तीन-तीन वर्षं मादी वाढवतो हो. 1992 साली बॉब क्लार्क यांनी पहिल्यांदा पाळीव सापांपासून अल्बिनो बॉल पायथन काढला, तेव्हापासून हा सगळा व्यवहार लिहून ठेवलेल्या नोंदींवर आणि विश्वासावरच चाललाय.

आता अंडी. त्या कातीपासून साधारण 30 दिवसांनी मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती घट्ट वेटोळं घालून बसते. तिला हळूच उलगडायचं, एक-एक वेटोळं, घाई केली की ती आणखी आवळते. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर तशीच ठेवा, ओढून सुटी करू नका. आणि उचलायच्या आधी प्रत्येकावर पेन्सिलीने वरच्या बाजूला फुली मारा, कारण कोंबडीच्या अंड्यासारखं हे अंडं फिरवायचं नसतं, आतला गर्भ वरच्या बाजूला धरून असतो, नंतर उलटलं तर बुडून मरतो. अंधार करून मोबाईलचा टॉर्च लावून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं जिवंत. पहिल्यांदा ते जाळं बघाल ना, टॉर्च बंद करवणार नाही. पिवळट, बारकी, मेणासारखी असतील ती वांझ.

इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या डब्यात व्हर्मिक्युलाईट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने सारखं घ्या, मुठीत दाबलं तर थेंब पडायला नको. तापमान 88 ते 89 फॅरनहाइट, दमटपणा इतका की डब्याच्या भिंतीवर वाफ दिसेल पण झाकणावरून पाणी अंड्यांवर टपकणार नाही. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदला, बास, रोज उघडून बघू नका. इथेच माझी चूक झाली होती, थर्मोस्टॅटची वायर डब्यातून निसटून बाहेर पडली, त्याला बाहेरचं गार वाटलं आणि तो रात्रभर तापवत राहिला, सकाळी आत 97. पाचवा आठवडा होता, दोन अंडी गेली, उघडून बघितलं तर आत नक्षी उमटलेली पूर्ण पिल्लं. तेव्हापासून वायर टेपने चिकटवते आणि वेगळा थर्मामीटर आत ठेवते, तुम्हीही ठेवाच.

55 ते 60 दिवस लागतात. शेवटी-शेवटी अंडी पिचकतात, घाबरू नका. मग एक दिवस कवचावर ब्लेडने कापल्यासारखी बारीक चीर दिसते आणि तिच्यातून ओलं, चमकणारं नाक बाहेर येतं. ते पिल्लू दीड-दोन दिवस तसंच बसेल, पोटातला बलक शोषून घेत असतं, त्याला ओढून काढू नका. आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकेल, मगच उंदराचं पिल्लू द्या.

स्पायडरचं मात्र कळकळीने सांगते, आणू नका. ती नक्षी देणारं जनुक आणि मान हलण्याचा दोष वेगळे होत नाहीत, एकही स्पायडर त्यातून सुटलेला नाही, फक्त कुणात कमी, कुणात जास्त. एका ओळखीच्यांकडे बघितला होता, उंदीर समोर धरला तर डोकं स्क्रूसारखं फिरवत वर गेला आणि तीनदा झेप चुकली. कानाच्या आतल्या भागातच दोष असतो, त्यावर औषध नाही. रंगच हवा असेल तर पास्टेल घ्या, पायबाल्ड घ्या, कितीतरी चांगले आहेत.

पुण्यातून माझा भाचाही असंच विचारतो, म्हणून तिकडच्या वाचणाऱ्यांसाठी: आपले देशी साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरी पाळताच येत नाहीत, आणि बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्यामुळे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही.

तुमच्या हातात साधारण दोन आठवडे आहेत. इन्क्युबेटर आजच रिकामा सुरू करा, आत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा आणि सकाळ-रात्र तापमान लिहा. सलग आठवडाभर आकडा हलला नाही की मगच त्यात अंडी ठेवा. आणि अंडी काढल्यावर मादीला कोमट पाण्याने धुवा, तिची पेटी पण धुवा, अंड्यांचा वास राहिला तर ती खात नाही, आणि तिला आता खायची फार गरज असते.