मशिदीला कॅमेरे बसवा, पण आधी ठाण्याची पोच घ्या

तुमचा प्रश्न असा, की हिंगोली जिल्ह्यातल्या तुमच्या गावात मशिदीच्या खिडकीवर दोनदा दगड आले, गावच्या ग्रुपवर मुसलमानांविरुद्ध घाण मेसेज फिरायलेत, आणि कमिटी सगळा चंदा कॅमेऱ्यांवर घालायचं म्हणायली. मी आमच्या मशिदीच्या कमिटीत बरीच वर्षं आहे, म्हणून सांगतो: कॅमेरे घ्या, पण दुसऱ्या नंबरावर.

आधी दोन्ही दगडांची लेखी तक्रार. ‘पोरासोरांचं काम, जाऊ द्या’ म्हणणारे आपल्यातच निघतील. त्यांना अर्धामसल्याची आठवण द्या. गेवराई तालुक्यातल्या या गावात 30 मार्च 2025 ला, ईदच्या तोंडावर, पहाटे मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. नशिबानं जीवितहानी झाली नाही. पकडलेले दोघं त्याच भागातले होते, आणि त्याआधी संदलच्या (उरुसातल्या) मिरवणुकीत वाद झाल्याच्या बातम्या होत्या. विहिरी फोडायचं जिलेटीन आपल्याकडं खेड्यापाड्यात असतंच. म्हणून बारकं भांडणसुद्धा वेळेवर कागदावर आलेलं बरं.

ठाण्यात बहुतेक वेळा नुसता अर्ज ठेवून घेतात. तुम्ही भारतीय न्याय संहितेचं कलम 298 सांगा: प्रार्थनास्थळाची विटंबना किंवा नुकसान, दखलपात्र. गुन्हा नोंदवला तर प्रत फुकट मिळते. टाळाटाळ झाली तर तीच तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये तशी सोय आहे. अर्जाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. सरपंच आणि पोलीस पाटलांना सोबत न्या. पाच टोप्या गेल्या की ‘जमाव आला’ होतं, पाटील सोबत असले की ‘गाव आलं’ होतं.

आता कॅमेरे. दोन चांगले पुरतात, एक दारावर, एक रस्त्यावर. आमच्या भागात मी पाहिलेल्या निम्म्या मशिदींत डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवायचा डबा) वजूखान्याशेजारच्या उघड्या कपाटात, चपलांच्या वर ठेवलेला. चोर तोच आधी उचलणार. तो आतल्या खोलीत कुलपात ठेवा, इन्व्हर्टरवर जोडा (लाइट किती वेळ असते ते तुम्हाला ठाऊक आहे) आणि घड्याळ बरोबर लावा, वेळ चुकली की कोर्टात पहिला वाद तिथंच. हार्डडिस्क भरली की जुनं पुसलं जातं, त्यामुळं घटना घडली त्याच दिवशी रेकॉर्डिंग उतरवून घ्या. असं रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं प्रमाणपत्र लागतं, ते पोलिसांना विचारून तेव्हाच करून घ्या.

मेसेजचं काम जास्त नाजूक. राग आला म्हणून तोच व्हिडिओ पुढं ढकलू नका. नंबर, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. तक्रार मेसेज लिहिणाऱ्यावर करा. नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलंय. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, हा सुप्रीम कोर्टाचा एप्रिल 2023 चा आदेश सगळ्या राज्यांना आहे. आणि आपल्या पोरांना आवरा. उलट धर्मावरून शिवी दिली की न्याय संहितेचं कलम 196 (धर्माधर्मात वैर पसरवणं) त्यांनाही लागतं.

शांतता समितीची बैठक म्हणजे चहा आणि फोटो, हे मलाही माहीत आहे. तरी जा, आणि नेमकं मागा: रामनवमीची मिरवणूक मशिदीसमोर किती वेळ थांबणार, डीजे कुठं बंद होणार, दोन्हीकडचे स्वयंसेवक कोण. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि विसर्जन एकाच दिवशी आलं, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी जुलूस पुढं ढकलला. असं एकदा केलं की पुढच्या बैठकीत आपला शब्द ऐकला जातो.

एक राहिलं. मार्च 2023 मध्ये भोकरदन तालुक्यातल्या अन्व्यात मशिदीत एकट्या इमामांना मारहाण करून दाढी कापल्याची तक्रार झाली होती. इमामसाहेबांच्या फोनमध्ये 112 आणि बीट अंमलदाराचा (आपल्या गावाचं काम बघणाऱ्या पोलिसाचा) नंबर सेव्ह करून द्या. तुमच्याकडं इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मशिदीत कोण थांबतं, ते कळवा. त्यावर पुढचं सांगता येईल.