कॅमेरा दुकानाबाहेर पडल्यावर

ग्राहकांच्या तक्रारींवरचा एक जुना मराठी कार्यक्रम नव्या थाटात परत आला आणि या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं त्याच्यावरच निघाली. पूर्वी टेबलामागे दोघं जण, प्रेक्षकांची पत्रं आणि शेवटी पडद्यावर पत्ता एवढाच मामला असायचा. आता निवेदक माईक घेऊन दुकानात शिरतो, स्टुडिओत वकील बसतात आणि मागे धडधडतं संगीत चालू असतं. संगीताबद्दलचा राग थेट वाहिनीला कळवावा. बाकीच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.

निवेदक कॅमेरा घेऊन मोबाइलच्या दुकानात गेला आणि दुकानदाराने तिथल्या तिथे पैसे परत केले. आमच्या सोसायटीत सगळे खूश आहेत. आम्हीही शूटिंग करत जावं का? (कोथरूड)

शूटिंग करत गेलात तर भांडण होईल, आणि भांडणाला आवक क्रमांक नसतो. त्या दुकानदाराने पैसे दिले ते वाहिनीच्या धाकाने. तुमच्यामागे वाहिनी नाही, तेव्हा तुमचा धाक कागदातच असायला हवा.

शूटिंग करायचंच तर बिघडलेल्या फोनचं करा. समजा स्क्रीन लुकलुकते, तर ती लुकलुकत असताना तीस सेकंदांचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर घ्या आणि मगच फोन सर्व्हिस सेंटरला द्या. तिथे मिळणारं जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, सही करण्याआधी वाचा. अशा बहुतेक तक्रारी इथेच मरतात. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात काउंटरवरचा मुलगा ‘जनरल चेकअप’ लिहितो, फोन परत देताना ‘तपासला, व्यवस्थित आहे’ असं लिहितो, आणि खाली तुमची सही असते. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. परत घेताना दोष तसाच असेल तर सहीशेजारी ‘दोष कायम’ हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहा. प्रत्येक खेपेचं जॉबशीट जपा.

मग पत्र. ‘मनस्ताप झाला’ याने सुरुवात करू नका. एवढं पुरतं: ‘अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने घेतलेल्या, अमुक आयएमईआय क्रमांकाच्या फोनची स्क्रीन अमुक तारखेपासून लुकलुकते. तीनदा दुरुस्तीला दिला, जॉबशीट सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत बदलून द्यावा किंवा रु. १८,५०० परत करावेत.’ (आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक.) हे पत्र दुकानदार आणि कंपनी दोघांनाही ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती ठेवा. कार्यक्रमात फक्त दुकानदाराला धारेवर धरलं होतं. उत्पादनातल्या दोषाची जबाबदारी कंपनीवर येते, आणि पुढे ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या न्यायालयात, गेल्यावर कंपनीला पक्षकार केलं नसेल तर दुकानदाराचा वकील पहिल्याच तारखेला तेच दाखवतो.

उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो, तक्रार कंपनीकडे जाते आणि बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. शिवाय आयोगात जायची दोन वर्षांची मुदत हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणून थांबत नाही. ‘तुमची तक्रार प्रक्रियेत आहे’ या मेसेजवर विसंबून बसलेल्यांची मुदत निघून जाते.

कार्यक्रमातले वकील ‘ग्राहक मंच, वीस लाखांपर्यंत’ असं म्हणाले. आमच्याकडच्या एका पुस्तिकेत एक कोटी लिहिलं आहे. खरं काय? (हडपसर)

दोन्ही आकडे कधी ना कधी खरे होते. वीस लाख हा १९८६ च्या कायद्याखालचा आकडा. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हा मंचाचा आयोग झाला आणि जिल्ह्याची मर्यादा एक कोटी झाली. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. आज जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग त्यापुढे २ कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय आयोग. नव्या सेटवर एवढे दिवे लावले, तर वकिलांच्या हातात चालू नियमांची एक प्रतही द्यायला हरकत नव्हती.

त्यांनी न सांगितलेली गोष्ट जास्त कामाची आहे. जुन्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज धरत. आता वस्तूसाठी प्रत्यक्ष मोजलेली रक्कमच पाहतात. चाळीस हजारांच्या फ्रिजसाठी तुम्ही कितीही भरपाई मागितलीत तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाईल, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००.

दुसरा बदल पुण्यात शिकायला, नोकरीला आलेल्यांच्या उपयोगाचा. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तू बंगळूरच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली असली तरी पुण्याचा आयोग चालतो. वकील लागतोच असं नाही. ग्राहक तक्रारींसाठी १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या सरकारी ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल करता येते.

तक्रार अडते ती साध्या गोष्टींवर: प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही, पानांना क्रमांक नाहीत, नेमकी किती रक्कम हवी ते लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जीएसटीची सवलत मिळते म्हणून घरच्या वॉशिंग मशीनचं बिल धंद्याच्या नावावर घेणं. मग समोरचा वकील ‘हा ग्राहकच नाही, खरेदी व्यापारी कारणासाठी आहे’ असं म्हणतो, आणि मशीन घरात वापरतो हे सिद्ध करण्यात तुमच्या तारखा जातात.

तज्ज्ञ म्हणाले, बिल जपून ठेवा. आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं. सहा महिन्यांनी काढलं तर कोरा कागद! (सिंहगड रस्ता)

जपलंत म्हणूनच ते पुसलं गेलं असण्याची शक्यता आहे. मॉलमध्ये मिळणारं गुळगुळीत बिल थर्मल कागदाचं असतं. त्यावर शाई नसते. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो आणि तीच अक्षरं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातली रसायनं, हातावरचं तेल, चिकटपट्टी यांनी ही अक्षरं उडतात. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत तर कागद काळा पडू शकतो. बिल मिळालं त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा, कारण ईमेलला तारीख लागते. साध्या कागदावर झेरॉक्स काढा आणि मूळ बिल कागदाच्या पाकिटात ठेवा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. बिल गेलंच असेल तर कार्ड किंवा यूपीआयचं स्टेटमेंट घेऊन दुकानात जा आणि जीएसटी बिलाची दुसरी प्रत मागा. ती त्यांच्या संगणकात असते.

पेट्रोल पंपाच्या भागात एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन ‘बघा, कमी भरलं’ असं दाखवलं. आमच्या घरी वाद झाला: बाटली प्रमाण मानायची का? (सदाशिव पेठ)

‘मानायची नाही’ म्हणणारा बरोबर आहे. पाण्याची बाटली हे माप नव्हे. खुणेपर्यंत भरली की गळ्यापर्यंत, यातच कितीतरी मिलिलिटरचा फरक पडतो. शिवाय प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेणं धोक्याचं. संपूर्ण कार्यक्रमातला हा सर्वांत वाईट भाग होता, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

पंपावर पाच लिटरचं धातूचं माप ठेवलेलं असतं, त्यावर वैधमापन शास्त्र विभागाची (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची) मुद्रा असते. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. मुद्रेवरचं वर्ष पाहा. माप आधी एकदा पेट्रोलने ओलं करून निथळून घ्यायला सांगा, कारण आतल्या बाजूला चिकटून राहणारं थोडं पेट्रोल धरूनच माप आखलेलं असतं, कोरड्या भांड्यात हिशेब चुकतो. माप सपाट जागी ठेवा, यंत्रावर शून्य पाहा, पाच लिटर भरायला सांगा आणि मानेवरची खूण डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचा. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर पंपाच्या तक्रारवहीत नोंद करा आणि वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार द्या. यंत्र त्याच वेळी बंद करण्याचा अधिकार त्यांना आहे, निवेदकाला नाही.

भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तोही पंपावर असावा लागतो. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाका. साधारण दोन मिनिटांत थेंब डाग न ठेवता उडायला हवा.

दूध, पाणी, शीतपेयांवर ‘कूलिंग चार्ज’ म्हणून दोन रुपये जास्त घेण्याबद्दलही याच वाचकांनी विचारलं आहे. किरकोळ दुकानदाराला छापील किमतीवर काहीही घेता येत नाही. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी, तिथे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला आहे. २० रुपये छापलेल्या बाटलीचं दुकानदार २२ रुपयांचं बिल देणार नाही. म्हणून ती एकच बाटली घ्या, यूपीआयने २२ रुपये भरा, आणि छापील किंमत व बॅच क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. सोबत बिस्किटांचा पुडा घेतलात की पुरावा गेला.

एका भागात दहा मिनिटं आरओ वॉटर प्युरिफायरचं कौतुक, आणि ब्रेकमध्ये त्याच कंपनीची जाहिरात! याला ग्राहकांचा कार्यक्रम म्हणायचं? (औंध)

केबल टीव्ही नियमांनुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यात वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातीही आल्या. तेव्हा तक्रारीला जागा आहे.

ती आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी लागते. वाहिनी, तारीख, वेळ आणि खटकलेलं वाक्य शब्दशः लिहा. ‘एकंदर कार्यक्रम प्रायोजित वाटला’ असल्या वाक्याला बगल देणं सोपं जातं. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय कळवणं वाहिनीवर बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनीच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, त्यांना ६० दिवस. दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

प्युरिफायरबद्दल मात्र विकत घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही समाधानकारक मर्यादा आहे. धरणातून येणारं महापालिकेचं पाणी सहसा त्याच्या पुष्कळ खाली असतं. तिथे आरओने चांगले क्षार काढून टाकायचे आणि बरंचसं पाणी मोरीत सोडायचं, यात हशील नाही. यूव्ही किंवा साधा फिल्टर पुरतो. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर हिशेब बदलतो. विक्रेता स्वतःचं मीटर घेऊन येईल, त्याला नळाच्या पाण्याबरोबर सोसायटीच्या टाकीतलं पाणीही मोजायला लावा. टँकरचं पाणी मिसळत असेल तर दोन आकड्यांत फरक दिसतो.