पानगळीच्या रंगांसाठी कर्नाळा, पण फाल्गुनात

आपण विचारले आहे की, ऑक्टोबरअखेरीस नवी मुंबईत मुक्काम असताना एखाद्या ऐतिहासिक किल्ल्यावरून पानगळीचे रंग पाहता येतील का. किल्ला मी सुचवतो, तो कर्नाळा. मात्र शक्य असल्यास आपण महिना बदलावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

थंड प्रदेशातील झाडे दिवस लहान होऊन गारठा वाढू लागला की पाने गाळतात, तर आपल्याकडील झाडे जमिनीतील ओल आटल्यावर, पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी गाळतात. ऑक्टोबरात पावसाची ओल अजून टिकून असते आणि डोंगर हिरवेच असतात. त्या दिवसांत सागाची काही झाडे करपल्यासारखी तपकिरी दिसतात आणि अनेकांना ती पानगळ वाटते. प्रत्यक्षात अळ्यांनी पानातील हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी तेवढी मागे ठेवलेली असते.

मी सानपाड्यात राहतो आणि गेली काही वर्षे होळीच्या आसपास कर्नाळ्याला न चुकता जातो. फाटकापासून किल्ल्याची वाट अभयारण्याच्या जंगलातूनच चढते. तोवर सागाने पाने टाकलेली असतात, पायाखाली वाळलेल्या पाचोळ्याचा जाड थर असतो आणि निष्पर्ण झाडीत कांडोळाची फिकट, गुळगुळीत खोडे दुरूनही उठून दिसतात. पळस, पांगारा आणि काटेसावर त्याच सुमारास फुलतात. तरीही मी खरा जातो तो कुसुंबासाठी. या झाडाची कोवळी पालवी आधी गडद लाल, मग तांबूस आणि थोड्याच दिवसांत हिरवी होते. लाल असताना सबंध झाड पेटल्यासारखे दिसते. परदेशात जो लाल रंग पाने गळण्यापूर्वी येतो, तो आपल्याकडे पाने फुटताना येतो, आणि मला स्वतःला हा क्रम अधिक आवडतो.

किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळाही होता आणि १६७० मध्ये तो स्वराज्यात परतला. माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला बसाल्टचा सुळका हीच त्याची ओळख असून, त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. तेथून तटाकडे यावे आणि खाली पाहावे. राखाडी जंगलात कुसुंबाचे लाल ठिपके वरूनच नीट मोजता येतात. ठाण्याहून घोडबंदरचा किल्ला काहींना सोयीचा वाटेल, परंतु तेथून दिसणाऱ्या खाडीकाठची तिवरे बाराही महिने हिरवी असल्यामुळे या हेतूने तो उपयोगाचा नाही.

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एसटीने अभयारण्याच्या फाटकापाशी उतरता येते; गाडी तेथे थांबेल ना, हे वाहकाला आधी विचारावे. मार्चमध्ये निष्पर्ण झाडांची सावली मिळत नाही, म्हणून सकाळी फाटक उघडताच चढायला लागावे आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी न्यावे. सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. तेथे अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि आवाजही चढवू नये. ऑक्टोबरातच यावे लागणार असेल तरी कर्नाळा अवश्य पाहावा, फक्त लाल पानांची अपेक्षा ठेवू नये.