पुढच्या साथीआधी राज्याने नवं ॲप बनवावं का? आरोग्याच्या माहिती यंत्रणेत नेमकं काय सुधारायला हवं?

नवं ॲप नको. तालुक्याच्या ऑफिसात बसणारा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर तीच माहिती आधीच केंद्राच्या पोर्टलवर, राज्याच्या पोर्टलवर आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या एक्सेलमध्ये भरतो. चौथं ठिकाण दिलं की पहिली तीन कच्ची राहतात.

16 जून 2020 चं उदाहरण घ्या. त्या दिवशी महाराष्ट्राच्या कोविड मृत्यूंत 1,328 जुने मृत्यू एकदम जोडले गेले. 862 मुंबईतले, 466 उरलेल्या राज्यातले. लोक अजून विचारतात, लपवले होते का? माझं म्हणणं असं की त्याआधी, एखादा मृत्यू यादीबाहेर राहतोच कसा, हे समजून घ्या. ते समजल्याशिवाय कितीही चौकश्या लावल्या तरी पुढच्या साथीत हेच होणार.

लॅबचा निकाल नमुन्याच्या नंबरावर येतो. रुग्णालयाचा केसपेपर वेगळ्या नंबरावर असतो. मृत्यूची नोंद तिसऱ्या रजिस्टरमध्ये. तिन्ही जोडायला हातात काय, तर नाव. आणि आपल्याकडची नावं इंग्रजीत टाईप केली की काय होतं ते बघा. वाघमारे कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने. जाधवच्या शेवटी पुण्यात व्ही, विदर्भात अनेकदा ओ. रेशनकार्डावर आडनाव आधी, लॅबच्या फॉर्मवर शेवटी. बाईच्या आधारवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं. पत्ता ‘वडगाव’. आता एकट्या पुण्याच्या परिसरात वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ! त्यात रुग्ण एका जिल्ह्यातला आणि रुग्णालय दुसऱ्यातलं असेल, तर दोघांना वाटतं समोरच्याने नोंद केली असेल. मृत्यू झालेला माणूस यादीत ‘उपचाराधीन’ म्हणून तसाच राहतो.

म्हणून जुळणी नावाने सुरू करायचीच नाही. आधी मोबाइल, लिंग आणि वय (दोन वर्षांचा फरक चालवून घ्यायचा), मग गावाचा सरकारी कोड, आणि नाव सगळ्यात शेवटी, तेही माणसाने डोळ्यांनी बघून. दुबार वाटलेली ओळ पुसायची नाही, मूळ ओळीला जोडून ठेवायची. चाचण्यांचा तक्ता आणि माणसांचा तक्ता वेगळा हवा, कारण एका माणसाच्या तीन चाचण्या होतात. 8 मे 2020 ला डिस्चार्जचे नियम बदलेपर्यंत घरी सोडण्याआधी पुन्हा चाचणी होत असे. तक्ता एकच असेल तर तो दुसरा पॉझिटिव्ह निकाल नवा रुग्ण म्हणून मोजला जातो. हे काम रोज करायचं. महिन्यांनी केलं की आकडा उसळतो आणि लोकांचा विश्वास जातो, जो परत मिळवायला पुढची साथही पुरत नाही.

आता तारखा. चार हव्यात: लक्षणं कधी सुरू झाली, नमुना कधी घेतला, निकाल कधी लागला, पोर्टलवर कधी चढला. आपण आलेख काढतो चौथीचा. मग रविवारी लॅबचं काम मंदावलं की साथ ओसरल्यासारखी दिसते, आणि चार दिवस तुंबलेले निकाल एका दुपारी चढवले की उद्रेक झाल्यासारखा. निर्णय पहिल्या तारखेवर घ्या. त्या आलेखातले शेवटचे सात-दहा दिवस कायम अपुरे असतात, तेवढा भाग फिका दाखवा.

एक्सेलबद्दल स्पष्टच सांगतो, ते यंत्रणेचा कणा असू शकत नाही. अमेरिकन मांडणी (आधी महिना, मग दिवस) असलेल्या संगणकावर 03/04 लिहिलं की 3 एप्रिलचा 4 मार्च होतो, आणि 13 पासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. तारखेचा फिल्टर लावला की अर्ध्याहून जास्त महिना गायब. इंग्लंडमध्ये 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातले 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांतून राहून गेले होते, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही तितकाच उशिरा सुरू झाला.

सगळे रकाने सक्तीचे करा, म्हणजे माहिती पूर्ण येईल, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतंच. नाही येत. मोबाइल सक्तीचा केला की दहा वेळा 9 येतो, जन्मतारीख सक्तीची केली की सगळे 1 जानेवारीला जन्मतात. सहा-सात रकाने सक्तीचे ठेवा आणि बाकीच्यांत ‘माहीत नाही’ हा पर्याय द्या. कोरी जागा खोट्या आकड्यापेक्षा केव्हाही बरी.

यंत्रणा आपल्याकडे नाही असं नाही. रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम 2004 पासून आहे. उपकेंद्राची सिस्टर लक्षणांवरून एस फॉर्म भरते, डॉक्टर पी, लॅब एल. 2021 मध्ये आलेल्या नव्या केंद्रीय पोर्टलवर आठवड्याच्या बेरजेऐवजी एकेका रुग्णाची नोंद करता येते. पैसा घालायचा तर तो ऑपरेटरच्या पगारात आणि लॅबची यंत्रणा या पोर्टलला थेट जोडण्यात घाला, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यात नको. आणि माहिती खाली परत पाठवा. सिस्टरला सोमवारी तिच्या गावांचा एक पानी तक्ता मिळाला तर चुका तीच दुरुस्त करेल, कारण कोणता पत्ता चुकीचा आहे हे फक्त तिला माहीत असतं.

दोन गोष्टी राहिल्या. खासगी दवाखाने आणि लॅब यात आल्या नाहीत तर शहरांचं चित्र अर्धवटच राहणार. आणि खाली पाठवायच्या त्या तक्त्यात नावं फक्त ज्याच्या त्याच्या गावापुरती ठेवा. बाधितांची यादी एकदा व्हॉट्सॲपवर फिरली की पुढच्या वेळी लोक मोबाइल नंबर खोटा देतात, आणि जुळणीची सुरुवात तर त्या नंबरापासूनच होते.